चुकलेला छरा



दाणे टिपून जगणाऱ्या पक्ष्यांना दात नसतात. म्हणून ते दाण्यांबरोबर बारीक खडेही वेचून गिळतात, आणि पोटातील पेषणी नावाच्या बळकट इंद्रियात ते खडे जात्याच्या पाळीप्रमाणे फिरून कठीण दाण्याचे पीठ करतात. पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्यांना तारणारी ही उपजत बुद्धी ज्या ठिकाणी त्यांचा घात करते, ते ठिकाण म्हणजे शिकार झालेले रान. कारण तेथे जमिनीवर पडलेला शिशाचा छरा आणि खडा यांत भेद करणे पक्ष्याच्या चोचीला साधत नाही.

बंदुकीच्या एका काडतुसातून शेकडो छरे सुटतात. पक्ष्याच्या अंगी लागतात ते मोजके, आणि बाकीचे मातीत जाऊन वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. गिळलेला छरा पेषणीतील आम्लात आणि खड्यांच्या घर्षणात झिजू लागला, की शिसे रक्तात भिनते, रक्तक्षय होतो, पंख ढळतात, पेषणी लुळी पडते, आणि अन्न पोटात असूनही तो जीव उपासमारीने मरतो. इंग्लंडात छरे गिळून फेझंट पक्षी मेल्याची नोंद १८७६ इतकी जुनी आहे.

अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना देशभर मनाई झाली. परंतु त्या हुकुमाचा अंमल तळ्याच्या काठाशी येऊन थांबला, आणि माळावरचे लावे, होले व फेझंट बहुतेक ठिकाणी त्याच्या बाहेर राहिले. या पक्ष्यांसाठी मनाई मागणाऱ्यांना शिकारी दोन हरकती सांगतात, आणि त्या दोन्ही विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की विषबाधेने मरणारे पक्षी इतके असतील, तर त्यांची कलेवरे कोठे आहेत? दुसरी अशी, की पोलाद शिशाहून हलके असल्यामुळे त्याचे छरे पक्ष्याला मारण्याऐवजी जायबंदी करून सोडतील.

पहिल्या हरकतीचे उत्तर माळरानच देते. दुखणाईत पक्षी उघड्यावर मरत नाही. तो गवतात दडतो, आणि माणसाची नजर पोहोचण्यापूर्वी कोल्हा किंवा ससाणा त्याला उचलतो व त्याच्या मांसाबरोबर ते विषही पोटात घेतो. जो पुरावा निसर्ग स्वतःच नाहीसा करतो, तो हजर होईपर्यंत निवाडा तहकूब ठेवणे न्यायाचे नव्हे. दुसऱ्या हरकतीची परीक्षा टेक्ससमध्ये २००८ व २००९ साली झाली: होल्यांच्या शिकाऱ्यांना शिशाची व पोलादाची काडतुसे, कोणती कशाची हे कळू न देता, वाटण्यात आली आणि पाच हजारांहून अधिक बारांचा हिशेब ठेवण्यात आला; मेलेल्या, जखमी झालेल्या वा निसटलेल्या पक्ष्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. जुन्या बंदुकींच्या नळ्यांना पोलाद सोसत नाही हे खरे. तथापि त्यांच्यासाठी बिस्मथचे मऊ छरे, महाग का होईना, मिळतात.

डेन्मार्कने १९९६ साली शिशाचे छरे सर्वत्र बंद केले, आणि तेथे शिकार आजही चालते. ब्रिटनमध्ये शिकाऱ्यांच्या संस्थांनी २०२० साली पाच वर्षांत शिसे आपखुशीने सोडण्याचे आवाहन केले. पण मुदत सरत आली तरी बाजारात येणाऱ्या फेझंटांच्या अंगात सापडणारे छरे बहुतांशी शिशाचेच होते, आणि अखेर २०२५ मध्ये सरकारला कायद्याने मनाई करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. सद्‌हेतूंच्या ठरावाने जे साधले नाही, ते हुकुमानेच साधावे लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

शिकारी लागलेल्या छऱ्याचा हिशेब ठेवतो, कारण त्याचे फळ त्याच्या झोळीत पडते. परंतु चुकलेला छराही त्यानेच सोडलेला असतो, आणि शिकारी घरी परतल्यावर कित्येक वर्षांनी एखाद्या लाव्याने तो खडा समजून उचलला, तर त्या मृत्यूचा धनी दुसरा कोणी असू शकत नाही.