नकार ऐकण्याचे शिक्षण



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय सुचविला तेव्हा, ‘हे शाळेत कशाला?’ असे मला दोघातिघांनी विचारले. माझे उत्तर असे की, हे शाळेतच घडलेले आहे. ३० मार्च १९९० रोजी उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना एक तरुण साथीदारांसह वर्गात शिरला आणि पेपर लिहीत बसलेल्या मुलीला त्याने पेट्रोल ओतून जाळले. तिने त्याला नकार दिला होता. पुढे डिसेंबर २००८ मध्ये, आपल्या हैदराबादपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, वरंगळला अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थिनींवर ॲसिड फेकले गेले. त्यांतील एकीचा अंत झाला. तेथेही मूळ कारण नकार हेच होते. तिघे संशयित काही दिवसांतच पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले व पोलिसांवर कौतुकाचा वर्षाव झाला. त्या आधीच्या महिन्यांत काय काय घडत होते, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

अशा बातमीवर आपली वृत्तपत्रे ‘एकतर्फी प्रेमातून’ असा मथळा देतात. हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, असे मुलीला ऐकविणारा आपला समाज प्रेम मात्र एका हाताने वाजते असे खुशाल मानतो. ज्याच्या दुसऱ्या बाजूला केवळ भीती आहे, त्याला दहशत म्हणावे.

जेथे प्रेम दोघांचेही असते तेथील हिंसा ओळखणे अधिक अवघड, कारण ती काळजीचा वेश घेऊन येते. कोठे होतीस, कोणाशी बोलत होतीस, मोबाइल दाखव, त्या मैत्रिणीशी संबंध तोड. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला यात आपुलकी दिसते. मग ‘सोडून गेलीस तर जिवाचे बरेवाईट करून घेईन’ ही धमकी येते, किंवा छायाचित्रे सर्वांना पाठविण्याची. थप्पड बहुधा यानंतर येते, आणि तिच्यामागोमाग गयावया व क्षमायाचना. मुलगेही अशा जाचात सापडतात; ते तर लाजेने ओठही उघडत नाहीत.

मुलगी घरी सांगत का नाही? सांगण्याची किंमत तिला पुरती ठाऊक असते. नारायणगुड्याकडून लिबर्टीच्या चौकाकडे जाणाऱ्या आपल्या या रस्त्यावर संध्याकाळी वह्या-पुस्तके घेतलेल्या मुलींचे घोळके दिसतात. त्यांतल्या एखादीने ‘एक मुलगा मागे लागला आहे’ असे सांगितले, तर पहिली बंद होते ती तिची शिकवणी. मग मोबाइल काढून घेतला जातो आणि स्थळे पाहण्याची भाषा सुरू होते. त्रास देणारा मोकळा आणि सांगणारी कोंडलेली! पालकहो, ‘तू काहीही सांगितलेस तरी तुझे शिक्षण थांबणार नाही’ हे वचन मुलीला आजच, काही घडण्यापूर्वीच द्या.

कायदा आहे. २०१३ पासून स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. भारतीय न्याय संहितेत तो आता कलम ७८ खाली येतो आणि पहिल्याच अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हैदराबादेत ऑक्टोबर २०१४ पासून पोलिसांची ‘शी टीम’ काम करते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो फलकावर ठळक लिहून ठेवावा. परंतु शाळेचे काम पोलीस येण्याच्या फार आधीचे आहे.

घरी ज्याचा शब्द कधी खाली पडला नाही, त्या मुलाला नकार म्हणजे अपमान वाटतो. नकाराने दुःख होते हे खरेच. पण ते कोणापाशी बोलावे, हे आपण मुलग्यांना शिकवीतच नाही. वडिलांपाशी बोलायची सोय नसते. उरतात मित्र, आणि ते चिथावणी देतात. उल्हासनगरात तो तरुण एकटा आला नव्हता, वरंगळला तिघे होते. या प्रकरणांचा विचार करताना मला सर्वांत अस्वस्थ करतात ते हे सोबती. बेत त्यांना आधीच ठाऊक होता.

तेव्हा मुलांनो, तुमचा मित्र ‘तिला बघून घेतो’ असे म्हणाला, तर त्याच दिवशी बाईंना किंवा सरांना सांगा. ती चहाडी नव्हे. आता प्रश्न विचारायचे असतील त्यांनी चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात; नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.