फिरकीचा तांब्या

आज मी पाण्याविषयी बोलणार आहे. पण विहिरीच्या, तलावाच्या किंवा पावसाच्या पाण्याविषयी नाही, तर जहाजावरच्या पिण्याच्या पाण्याविषयी. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाचा आणि जहाजाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. वाटणं साहजिक आहे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटरवर. आमच्याकडे नाव दिसते ती तलावात, मासे धरणाऱ्या ढिवराची. तरीही आमच्या घरच्या फडताळात एक वस्तू आहे, जी दोनदा समुद्रावर जाऊन आली आहे. ती वस्तू म्हणजे पितळेचा फिरकीचा तांब्या.

आजच्या मुलांना फिरकीचा तांब्या माहीत नसेल. साध्या तांब्यासारखाच, पण तोंडाला आटे पाडलेले आणि वर फिरवून बसवायचं घट्ट झाकण. गाडी कितीही हलली तरी पाणी सांडत नसे. प्लास्टिकची बाटली येण्यापूर्वी प्रवासाला निघालेल्या प्रत्येक घरात तो असायचा. वळकटी, पत्र्याची पेटी, भाकरीचं गाठोडं आणि फिरकीचा तांब्या, एवढ्यावर माणसं देशभर फिरून येत.

आमच्याकडचा तांब्या मुळात आमचा नव्हे. १९७७ साली माझे नाना, म्हणजे आईचे वडील, आणि नानी हजला निघाले. मी तेव्हा आठ वर्षांचा. आमचं गाव अर्जुनी-मोरगाव भागातलं. त्या काळी ते भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. ऑक्टोबरचे दिवस होते, धान पिवळं पडू लागलं होतं. गोंदियापर्यंत छोट्या लाइनची गाडी होती. अर्धं गाव स्टेशनवर निरोप द्यायला आलं. शेजारचे कोहळी शेतकरी, ज्यांना आम्ही पोरं पाटीलबाबा म्हणत असू, ते हातात हा तांब्या घेऊन आले. म्हणाले, “चाचा, घरच्या विहिरीचं पाणी आहे. मुंबईपर्यंत पुरवजा.”

हे कोहळी म्हणजे तलाव बांधणारे लोक. आमच्या झाडीपट्टीतले जुने तलाव गोंड राजांच्या काळात त्यांच्याच पूर्वजांनी बांधले. पुढे मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. तलावाचं पाणी धानाला पाळीने मिळतं. वरच्याने पाट अडवला तर खालच्याचं धान वाळतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नानांची स्वतःची चार एकर धानाची शेती होती. शेताच्या पाण्याची पाळी त्यांना पाठ होती. पिण्याच्या पाण्याची पाळी मात्र त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती जहाजावर.

त्या काळी हजची जहाजं मुंबईहून सुटत. १८७७ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ निघाली. तीच पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली आणि १९८६ मध्ये भारतीय नौवहन महामंडळात, म्हणजे शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये, विलीन झाली. देशभरचे यात्रेकरू मुंबईच्या मुसाफिरखान्यांत येऊन थांबत आणि तिथून बंदरावर जात. जेद्दापर्यंतचा प्रवास चार हजारांवर किलोमीटरचा. आठवडाभर चहूकडे फक्त पाणी. १९९५ मध्ये ही जलमार्गाची हजयात्रा बंद झाली आणि सगळे यात्रेकरू विमानाने जाऊ लागले.

चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही गोष्ट तलावाकाठच्या माणसाच्या डोक्यात लवकर शिरत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते मीठ शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडाला आपण प्यायलो त्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. म्हणजे समुद्राचं पाणी पिणारा माणूस प्रत्येक घोटागणिक अधिकच तहानतो. म्हणून पूर्वीच्या जहाजांवर गोडं पाणी पिंपांत भरून न्यावं लागे. ते कुजे, हिरवं पडे, रोग पसरवी.

हजच्या जहाजांना तर या पाण्याचा फार मोठा धडा मिळालेला आहे. १८६५ मध्ये हजच्या काळात कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि ती युरोपपर्यंत पोचली. तेव्हा कुठे जगातली सरकारं जागी झाली, परिषदा भरल्या. त्यातूनच पुढे आलेल्या १९२६ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात यात्रेकरूंच्या जहाजांसाठी स्पष्ट नियम घातला गेला: प्रत्येक यात्रेकरूला, त्याचं वय काहीही असो, रोज किमान ५ लिटर पिण्याचं पाणी मिळालं पाहिजे, आणि तेही विनामूल्य. पाण्याविषयी शंका आली तर ते उकळावं किंवा अन्य रीतीने निर्जंतुक करावं, आणि चांगलं पाणी मिळेल अशा पहिल्याच बंदरावर ते ओतून द्यावं. विनामूल्य हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तिकीट पहिल्या वर्गाचं असो की डेकचं, तहानेला वर्ग नाही, हे कुणीतरी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं.

आता नानांची गोष्ट. ती त्यांनी आम्हा नातवंडांना अनेकदा सांगितली, आणि दर वेळी स्वतःची चूक अगोदर सांगितली.

त्यांच्या जहाजावर गोड्या पाण्याचे नळ ठरलेल्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी सुटत. धुण्या-न्हाण्याला खारं पाणी केव्हाही मिळे. नळावर रांग लागे. रांगेत बिहारचे, बंगालचे, मलबारचे, गुजरातचे लोक. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे, पण बादली पुढे सरकवायला भाषा लागत नाही. नाना आपल्या वाट्याचं पाणी सुरईत भरून घेत आणि पाटीलबाबांचा तांब्याही भरून ठेवत. अडचण एकच होती. पाच वेळच्या नमाजासाठी वजू करायचा, तर खाऱ्या पाण्याने करायला त्यांचं मन घेईना. त्या पाण्याला वास येई, हात चिकट होत. अल्लाच्या घरी निघालोय आणि अशा पाण्याने हात-तोंड धुवायचं? मग ते गोड्या पाण्यानेच वजू करत. पाच वेळा.

दुसऱ्या दिवसापासून नानीला जहाज लागलं. उलट्या थांबेनात. चौथ्या रात्री तिला कोरड पडली. तिने पाणी मागितलं. नानांनी सुरई कलती केली, रिकामी. तांब्याची फिरकी उघडली, तांब्याही रिकामा. रात्रीच्या नमाजाला शेवटचं पाणी त्यांनी हाता-पायांवर घातलं होतं. नळ सुटायला अजून काही तास होते. नाना म्हणत, “बाहेर एवढा समुद्र, आत एवढी माणसं, अन् मी रिकामा तांब्या घेऊन अंधारात फिरतोय.” एका मलबारी म्हातारीने हातवाऱ्यांवरून ओळखलं. स्वतःच्या उशाशी झाकून ठेवलेलं अर्धा पेला पाणी तिने तांब्यात ओतलं. ते पाणी नानीने चमच्या-चमच्याने सकाळपर्यंत पुरवलं.

सकाळी नाना एका वृद्ध मौलवीसाहेबांजवळ बसून रडले. मौलवीसाहेबांनी त्यांना एक प्रसंग सांगितला. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या आठव्या शतकातल्या संग्रहात तो आहे. एका माणसाने पैगंबरसाहेबांना विचारलं होतं की, आम्ही समुद्रावरून प्रवास करतो, सोबत थोडंसंच पाणी असतं, त्याने वजू केला तर तहानेने व्याकूळ होतो. मग समुद्राच्या पाण्याने वजू करावा का? आणि पैगंबरसाहेबांनी समुद्राचं पाणी शुद्ध करणारं आहे, असा निर्वाळा दिला होता. मौलवीसाहेब नानांना म्हणाले, “तुमचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे. तुम्ही मात्र उत्तर न ऐकताच जहाजावर चढलात.”

श्रोतेहो, मला या प्रसंगातलं उत्तर तर आवडतंच, पण प्रश्न जास्त आवडतो. तो विचारणारा माणूस कर्मकांडाचा नव्हता, कोळी-खलाशासारखा व्यवहारी होता. सोबतच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हे त्याला धर्माकडूनच समजून घ्यायचं होतं. नाना पुढे घरच्या बोलीत म्हणायचे, “पानी पहले प्यासे का, फिर नमाजी का.”

हजहून परतताना तांब्यात झमझमचं पाणी आलं. पाटीलबाबांना त्यांचा तांब्या परत द्यायला नाना गेले, तेव्हा त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि तांब्या मात्र घेतला नाही. “मक्केला जाऊन आलेला तांब्या मी चुलीपाशी कसा ठेवू?” म्हणाले. असा तो आमच्याकडे राहिला.

त्या उन्हाळ्यात नानांनी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली दोन रांजण पुरले आणि पाणपोई सुरू केली. त्यांनी तरुणपणी रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशी वेगवेगळी व्यवस्था पाहिली होती. इंग्रजांच्या काळात देशातल्या अनेक स्टेशनांवर तशी ती असे. म्हणून रांजण दोन असले तरी ओगराळं एकच ठेवलं. काही दिवस काही लोक थांबले नाहीत. काहींनी स्वतःचा पेला आणला. नाना कुणाला काही बोलले नाहीत. मे महिन्याचं ऊन आमच्या भागात फार वेळ असे विचार टिकू देत नाही. रात्री शेवटी घरी येताना नाना रांजणात हात घालून पाहत. “रिकामा ठेवून झोपायचं नाही,” म्हणत. ते का म्हणतात, हे घरात नानीला सर्वांत चांगलं माहीत होतं.

तांब्याची दुसरी समुद्रसफर माझ्याबरोबर झाली, २०२३ मध्ये. मुलाने हट्टाने आम्हा दोघांना मुंबई-गोवा क्रूझवर पाठवलं. मी तांब्यात गावच्या विहिरीचं पाणी भरून नेलं. बंदरावर तपासणी करणाऱ्या पोराने तांब्या उलटसुलट करून पाहिला. त्याला फिरकी उघडेना. मी उघडून दिली. तो नम्रपणे म्हणाला, “काका, बाहेरचं पाणी आत नेता येत नाही. पिऊन टाका किंवा ओता.” आम्ही दोघं दोन-दोन घोट प्यायलो आणि उरलेलं कुंडीतल्या झाडाला घातलं. मला राग आला होता. मग १९२६ चा तो नियम आठवला, शंका असलेलं पाणी ओतून द्या म्हणणारा. राग ओसरला.

आत गेल्यावर मी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, इतक्या लोकांचं पाणी येतं कुठून? त्याने हौसेने सांगितलं. काही पाणी बंदरात नळीने भरून घेतात. काही जहाजं खोल समुद्रात स्वतःच पाणी बनवतात. बंदराजवळचं पाणी घाण असल्यामुळे तिथे बनवत नाहीत. एक रीत ऊर्ध्वपातनाची: बंद टाकीतली हवा काढून दाब कमी करायचा, म्हणजे इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरही पाणी उकळतं, वाफ थंड केली की गोडं पाणी, मीठ मागे. दुसरी रीत आपल्या घरच्या आरओ यंत्राचीच: समुद्राचं पाणी वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने बारीक पडद्यातून ढकलायचं. मग त्यात क्षार मिसळायचे, क्लोरीन घालायचं, तपासायचं आणि नळाला सोडायचं.

मी डेकवर उभा राहून पाहिलं. लोक विकतच्या बाटल्या अर्ध्या पिऊन टेबलावर सोडून जात होते. त्यांना दोष कसा देऊ? पाणी कुठून येतं हे दिसलं नाही, की ते संपू शकतं हेही दिसत नाही. नानांच्या जहाजावर रांग होती, त्यामुळे आपला घोट दुसऱ्याच्या घोटाला लागून आहे हे कळत होतं. आता रांग गेली, हे चांगलंच झालं. पण तळाच्या मजल्यावर कुणीतरी रात्रभर यंत्रापाशी जागतो, तेव्हा वरच्या मजल्यावर पेला भरतो. आमच्या तलावाच्या पाळीवरही असाच कुणीतरी रात्रीचा फावडं घेऊन फिरत असतो.

रात्री मी खोलीतल्या नळावर तांब्या भरला आणि उशाशी ठेवला. बायको हसली, म्हणाली, “नळ तर चोवीस तास सुरू आहे.” मी म्हटलं, “असू दे.” फिरकी घट्ट बसवली आणि दिवा मालवला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)