शाळेची घंटा आधी वाजू द्या



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. गणपती बोळवून गावे दमूनभागून झोपली होती. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली कित्येक गावे मिनिटभरात जमीनदोस्त झाली. हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली.

'घराखाली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मोकळ्या रानात धक्का माणसाला सहसा मारीत नाही. मारते ती अंगावर येणारी भिंत आणि डोक्यावरचे छप्पर. दोन-दोन फूट रुंदीची, मातीत रचलेली दगडी भिंत आणि वर माळवद, त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर, अशी ती घरे. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती त्या पहाटे काळ झाली. भिंतीचा एक थर आत पडला, दुसरा बाहेर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच.

भूकंपानंतर पहिली धाव जखमींकडे, मग पाणी, अन्न आणि निवारा. हे बरोबरच आहे. पण शाळेची आठवण बहुधा सगळ्यांत शेवटी होते. "आधी घरं उभी राहू द्या, मग शाळेचं बघू," असे आपण म्हणतो. माझे सांगणे असे, की पोटाला भाकरी आणि डोक्यावर ताडपत्री मिळाली, की त्याच आठवड्यात शाळा भरली पाहिजे. झाडाखाली भरो, नाहीतर तंबूत भरो. वडीलधारी माणसे रडताना, ढिगारे उपसताना मूल बघत असते, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणाला सवड नसते. दोन तास शाळा भरली, तर त्याच्या दिवसाला काही आकार येतो. ते ढिगाऱ्यापासून दूर राहते, आईबापांना कामाला हात मोकळे होतात, आणि कोणते पोर जेवत नाही, कोणाचे मागे कोणीच उरले नाही, हे शिक्षकाच्या नजरेला येते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडाल तेव्हा तुमचा हात थांबेल. काही नावांना 'हजर' म्हणणारे कोणी नसेल. ती नावे गुपचूप गाळू नका. सगळ्या वर्गाने मिळून त्या सोबत्यांची आठवण काढावी. मुलांना बोलू द्या, चित्रे काढू द्या, रडू आले तर रडू द्या. जे बोलत नाही, त्याला बोलते करण्याचा हट्ट मात्र नको. मग पाढे, कविता, खेळ, जे रोजचे होते ते पुन्हा सुरू करा. 'देव कोपला' असे मुलांच्या कानी पडेल. जमिनीच्या पोटात खडकांवर ताण साठतो आणि तो सुटला की जमीन हलते, हे त्यांना साध्या शब्दांत सांगा. मागाहून लहान धक्के येत राहतात, हेही सांगा. 'अमक्या रात्री मोठा धक्का आहे' अशी आवई उठली, तर भिऊ नका. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणाजवळ नाही. आणि गुरुजी, तुमचेही घर पडले असेल, माणूस गेले असेल. सगळे एकट्याने पेलू नका. शेजारच्या गावच्या शिक्षकांना हाक मारा.

जुन्या इमारतीत वर्ग नेण्याची घाई नको. भिंतीला पोट आले असेल, कोपरे उकलले असतील, दारा-खिडक्यांपासून तिरप्या भेगा गेल्या असतील, तर इंजिनिअरने तपासल्याशिवाय एकाही मुलाला आत पाठवू नका. नवी दगडी शाळा बांधताना ग्रामस्थांनी तीन गोष्टी विचाराव्यात. भिंतीत आरपार दगड घातले का? दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा आहे का? छप्पर हलके आणि भिंतींना नीट जखडलेले आहे का? एवढे विचारायला कोणतीही परीक्षा पास व्हावी लागत नाही.

पण एकट्या शाळेची इमारत भक्कम करून भागत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधल्या अंजारला प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक अरुंद रस्त्यातून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि कित्येक मुले व त्यांचे शिक्षक त्यांत गेले. शाळेची मुले गावातूनच चालतात. म्हणून गावातली घरेही सावरली पाहिजेत.

हे काम लोकांच्या हातून होऊ शकते. किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीसाठी गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. घर मजबूत कसे करायचे ते त्या शिकल्या आणि शेजारणींना समजावू लागल्या. पुढे कच्छात भूकंप झाला, तेव्हा त्यांतल्या काही जणी तिकडच्या बायकांना आधार द्यायला गेल्या. याउलट, बावन्न गावे नव्या जागी वसवली, तेव्हा सरळ रुंद रस्ते मिळाले, पण पुष्कळांचा जुना शेजार तुटला. म्हणून नकाशा काढण्याआधी माणसांना विचारावे.

शाळेची घंटा ढिगाऱ्यात गेली असेल, तर लोखंडी रुळाचा तुकडा झाडाला टांगा आणि वाजवा. तो टोल ऐकून एखादी आई म्हणेल, "जा रे, शाळा भरली." गाव पुन्हा उभे राहू लागल्याची ती पहिली खूण.