ख्रिस्तमंदिराचा शेजार

माझे घर उमरखेडला, पैनगंगेच्या खोऱ्यात. नोकरी मात्र जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी झाली. त्यांपैकी एका गावी माझे एक सहशिक्षक ख्रिस्ती होते. नाताळ आला की त्यांच्या घरून आमच्याकडे फराळाचे ताट येई, आणि त्यात केकच्या तुकड्याशेजारी करंज्या, शेव आणि अनारसे असत. दिवाळीत आमचे ताट त्यांच्याकडे जाई. अशी 11 वर्षे गेली. त्या 11 वर्षांत त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या दारावरून मी रोज शाळेत गेलो. उंबरठा मात्र एकदाही ओलांडला नाही. दर नाताळात ते म्हणत, "गुरुजी, संध्याकाळी भजन आहे, या." मी "पाहू" म्हणे, आणि त्या 'पाहू'चा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक असे.

ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या भोवतालच्या समाजाशी नाते कसे जोडले, या विषयावर बोलावयाचे ठरले तेव्हा प्रथम मला ते ताट आठवले. शेजाऱ्याला काही द्यावयाचे तर आधी त्याच्या घरचे काही घ्यावे लागते, असे मला वाटते. ज्यांनी हे ओळखले त्यांचे काम टिकले.

आमच्या विदर्भातील जुने उदाहरण स्टीफन हिस्लॉप यांचे. हे स्कॉटिश पाद्री 1845 साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या नावाचे महाविद्यालय त्यांच्या पश्चात 1883 मध्ये निघाले, ते नागपूरकरांस सांगावयास नको. परंतु मला त्यांचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसते. ते गोंडांच्या वस्त्यांत गेले, त्यांची भाषा समजून घेतली आणि लिंगोची गाथा ऐकून उतरवून घेतली. उपदेश करावयास आलेला मनुष्य आधी ऐकावयास बसला! 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटकडील जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापून काढले. धर्मांतरितांची संख्या मोजणाऱ्यास हिस्लॉप यांच्या खाती फारसे काही जमा दिसणार नाही. पण गोंडांची ती गाथा कागदावर राहिली.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. मध्यप्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्न मिळाले, अक्षरे मिळाली आणि हाताला काम मिळाले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यात स्त्रियांनीच छापले. ज्यांना कोणी ओळीत उभे केले नसते, त्या बायका खिळे जुळवून ओळी लावीत होत्या.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच रमाबाईंच्या शारदासदनातील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे झुकू लागल्या, म्हणून 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी संस्थेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. हे दोघे सुधारक होते, रमाबाईंचे हितचिंतक होते. त्यांची शंका क्षुद्र म्हणून झटकता येत नाही. पुढे 1954 साली मध्यप्रदेश सरकारने निवृत्त सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. आमचा यवतमाळ जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रम यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा ठपका समितीने 1956 च्या अहवालात ठेवला. ख्रिस्ती मंडळ्यांना तो एकांगी वाटला. मी शाळामास्तर, निवाडा देण्याचा अधिकार माझा नव्हे. तथापि एवढे म्हणेन की भुकेल्याला भाकरी देताना मनात अट असेल तर ती त्याला कळल्यावाचून राहत नाही. आणि अट नसताना ती आहे असे धरून चालणे हाही अन्यायच होय. पांढरकवड्याकडील उमरीच्या ख्रिस्ती रुग्णालयात जाणारा आमच्या जिल्ह्यातील शेतकरी हा वाद मनात घेऊन जात नाही. तो ताप घेऊन जातो.

या सर्व प्रश्नाला स्वतःच्या आयुष्याने भिडलेला मनुष्य म्हणजे नारायण वामन टिळक. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरादाराचे काय झाले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आपण सर्वांनी वाचलेलेच आहे. अहमदनगरच्या मंडळीत आल्यावर टिळकांना मोठी उणीव जाणवली ती सुरांची. विलायती चालीवर बसविलेली मराठी गीते तोंडात बसत नसत. गाणाऱ्याची जीभ मराठी आणि चाल परक्याची. टिळकांनी अभंग लिहिले, भजने रचली, कीर्तने केली. चिपळ्या आणि टाळ मंदिरात आले. आज महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेत जी पदे गायिली जातात त्यांतील कितीतरी टिळकांची आहेत.

पण टिळक एवढ्यावर थांबले नाहीत. 1917 साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. केवढे धाडस हे! ज्या कुंपणासाठी स्वतःचे घर मोडले, तेच कुंपण उतरत्या वयात त्यांनी काढावयास घेतले. 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार भरण्यापूर्वीच जणू उठला. माझ्या मते हा त्यांच्या काव्याहूनही मोठा विचार होता, आणि त्याची आठवण आपण फारच थोडी ठेवली आहे.

आपल्या काळात हर्मन बाखर यांचे नाव घ्यावेसे वाटते. हे स्विस जेझुइट धर्मगुरू 1948 साली भारतात आले आणि पुढे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोरडवाहू गावांत पाणलोटाच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. गावापुढे अट होती, पण ती धर्माची नव्हे: श्रमदान करा, चराईबंदी पाळा, कुऱ्हाडबंदी पाळा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावयाचे, मग ते विहिरीत उतरते. विहिरीला जात विचारता येत नाही. 2021 मध्ये बाखरबाबा निवर्तले.

माझे ते सहशिक्षक निवृत्तीच्या आधीच गेले. त्या दिवशी मी मंदिराचा उंबरठा ओलांडला. जमिनीवर सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात हार्मोनियम आणि तबला. अंत्यविधीची प्रार्थना झाल्यावर लोक अभंगाच्या चालीवर एक पद म्हणू लागले. शब्द नवे, चाल मात्र लहानपणापासून कानांत असलेली. माझी बोटे आपोआप गुडघ्यावर ठेका धरू लागली. बाहेर पडताना त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आलात, भाऊजी." मला काही बोलता आले नाही.