शिक्का अस्सल, आत दगा
‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा अंबरनाथ-बदलापूरकरांना नवी नाही. लिनक्सचा मालही शिक्क्यावरच चालतो. ‘डेबियन’चे स्वयंसेवक खुल्या आज्ञावलींची पॅकेजे बांधतात, भांडाराच्या यादीवरील डिजिटल स्वाक्षरी जुळली, तरच संगणक ती निमूटपणे स्वीकारतो. सी-डॅकची ‘बॉस’ ही स्वदेशी प्रणाली याच डेबियनवर उभी आहे. पण मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजात चोरवाट सापडली. सुमारे दोन वर्षे विश्वास संपादन करून एका सहकाऱ्यानेच ती पेरली होती! लॉग-इनला लागणारा अर्धा सेकंदाचा विलंब अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकला, म्हणून ती डेबियनच्या स्थिर आवृत्तीत शिरण्यापूर्वीच पकडली गेली. जगभरच्या यंत्रांत जाणाऱ्या या पॅकेजाचा मूळ सांभाळकर्ता वर्षानुवर्षे जवळजवळ एकटाच, विनामोबदला राबत होता.