द्राक्षमळ्यांतली पायी वाट



आमच्या बडोद्याच्या घरात आजोबांपासून पंढरीची माळ आहे. माळकऱ्याला मद्य वर्ज्य. त्यातून गुजरातेत दारूबंदी. माझा मुलगा परदेशी स्थायिक झाला आणि जेवणाबरोबर वाइन घेऊ लागला. मला ते कळले होते, मला कळल्याचे त्यालाही कळले होते. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. अशा स्थितीत त्याने मला स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला नेले.

फ्रान्सच्या हद्दीतून निघणारी ही पायवाट सुमारे ७८० किलोमीटरची. नावारा, रिओहा, पुढे बिएर्सो असे वाइनचे तीन मुलूख वाटेत लागतात. आपली वारी आणि मद्य यांचा उभा दावा. इथे यात्राच द्राक्षमळ्यांतून! बाराव्या शतकातल्या 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' ग्रंथात यात्रेकरूंसाठी एक भाग आहे. कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणते टाळावे, हे तो सांगतो आणि एस्तेया गावचा पाव नि वाइन वाखाणतो. जिथे पाण्याचा भरवसा नाही, तिथे वाइन ही चैन नव्हे, पावाबरोबरची शिदोरीच.

एस्तेयाजवळ इराचेच्या मठाशेजारी एका वाइन कारखान्याने १९९१ साली भिंतीत दोन तोट्या बसवल्या. एकीतून पाणी, दुसरीतून तांबडी वाइन, यात्रेकरूंना फुकट. मुलगा मुकाट्याने पाण्याच्या तोटीकडे वळला. माझ्यासाठी. मी म्हटले, "अरे, तुला हवी ती घे." त्याने घोटभर वाइन घेतली आणि माझी बाटली पाण्याने भरली. "बाबा, चला," म्हणाला. लोस आर्कोसपर्यंत आम्ही बोलत गेलो. इतके बोलणे कित्येक वर्षांत झाले नव्हते.

पुढे रिओहात एका मळेवाल्याने वेलीचा बुंधा दाखवला. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा नावाच्या किडीने आधी फ्रान्सचे आणि मग इथलेही मळे मुळापासून पोखरले. अमेरिकन वेलींची मुळे ती कीड सोसतात. तेव्हा त्या खुंटांवर इथल्या तेम्प्रानियो द्राक्षाची कलमे बांधली. नाशिक-सांगलीचे बागायतदारही डॉगरिजच्या खुंटावर कलमे करतातच. खुंट परका, द्राक्ष आपले.

गुजरातच्या मातीत वाढलेल्या आपल्या घरांना हे नवे नाही. तरीही मुलाने दुसऱ्या मातीत मूळ धरले, तेव्हा मी रुसलो होतो. माळ अजून माझ्या गळ्यात आहे. माझ्यामागे ती घेशील का, हे त्याला विचारायचे धैर्य मला त्या वाटेवर आले. त्याने अजून उत्तर दिलेले नाही. पण दर रविवारी फोन करतो.