आधी तक्रार तपासा, मग वजन

दोन वर्षांपूर्वी मला जिना चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आधी वजन उतरवा." नाडीसुद्धा पाहिली नाही. मी खजील होऊन घरी आले आणि रात्रीचं जेवण सोडलं. चार महिन्यांनी चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे रक्त तपासलं गेलं. हिमोग्लोबिन साडेसात! बाईचं ते बारा तरी हवं. अंगात रक्त नव्हतं म्हणून धाप लागत होती, आणि मी जेवणच तोडत बसले होते.

वजनाचा आजाराशी संबंधच नसतो, असं मी म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांच्याशी तो आहे. पण जाड बाईची प्रत्येक तक्रार वजनामुळेच असते, हे खरं नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, "हीच तक्रार घेऊन बारीक बाई आली असती, तर तुम्ही काय तपासलं असतं? तेच माझं तपासा." विचारताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. तरी विचारा.

आणखी एक. रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधतात ना? दंड जाड आणि पट्टा लहान असला, तर दाब खऱ्याहून जास्त दिसतो. मोठा पट्टा असतो, तो मागा.

आता सगळ्या ज्याबद्दल विचारता, ते इंजेक्शन. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड, आठवड्यातून एकदा घ्यायचं. त्याने भूक मंदावते, वजन खरंच उतरतं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरलं. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा "किती दिवस घ्यायचं, आणि खर्च किती?" हे पहिल्याच दिवशी विचारा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते. क्वचित पित्ताचे खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. गरोदरपणात ते घ्यायचं नाही. आणि टिर्झेपेटाइडमुळे पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं लागतं. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. मैत्रिणीचं उरलेलं इंजेक्शन तर मुळीच टोचून घेऊ नका.

माझ्या धाकट्या जावेला साखर आहे. तिने हे सगळं विचारलं, घरात हिशोब मांडला आणि इंजेक्शन सुरू केलं. मी नाही घेतलं. मी लोहाच्या गोळ्या घेतल्या (चहाबरोबर घेऊ नका हं, लोह अंगी लागत नाही) आणि रात्री पोटभर जेवू लागले. काट्यावर आकडा तोच आहे, जिना मात्र न थांबता चढते. रात्री आम्ही दोघी शेजारी जेवायला बसतो. ती अर्धी भाकरी खाते, मी दोन.